पत्र्यावरची रेघ

उद्यमनगरात, मागल्या गल्लीत,
जिथं बिडाचा बुरा चहातसुद्धा उतरतो,
बाळगोंडा मिस्त्री लेथवर उभा राहून
येईल त्याला सांगायचा:
शाफ्ट का वाजतो, आटे का सरकतात,
बेरिंग तिसऱ्याच महिन्यात का बसतं.
पैसे नाहीत. हात न थांबवता सांगायचा,
नजर टूलच्या टोकावर,
निळ्या पडत जाणाऱ्या चिपेवर.

माणसं ऐकायची, मान हलवायची, जायची.
आभार आमच्याकडं माईकवरून मानतात,
हार संपल्यावर, खुर्च्या उचलायला लागल्यावर.
एरवी तो शब्द तोंडात घेतला
की समोरचा विचारतो, "का रं, बरा हाईस न्हवं?"

म्हणून सर्जेरावशेठनं एक पत्रा काळा रंगवला,
दारात टांगला, सुतळीला खडू बांधला.
ज्याचं काम झालं त्यानं एक रेघ मारावी.
बोलायचं काही नाही. मारायची आणि जायचं.

पहिल्या आठवड्यात सोळा.
मी मोजल्या. बुरा झाडायचा आणि मोजायचं,
मला तेवढंच काम होतं.
मिस्त्री म्हणाला, "पोरखेळ."
पण संध्याकाळी शटर ओढताना
त्याचे ओठ हलताना मी बघितले: चौदा, पंधरा.

मग शेजारचा रंगराव वेल्डरही सांगायला लागला.
सांगायचा कमी, हसवायचा जास्त.
पत्र्यावर त्याचंही नाव आलं, आणि त्याखाली
रेघा अशा वाढल्या की भिंतीवर उतरल्या.
ज्याच्या रेघा जास्त त्याच्यापुढं गर्दी.
मिस्त्री आता बोलताना हात थांबवायचा,
सोपं करून सांगायचा, गोड करून.
एकदा तर एकाला म्हणाला, "चालतंय, चालवा तसंच."
ते चालणार नव्हतं. त्यालाही ठाऊक, मलाही.
त्या माणसानं दोन रेघा मारल्या.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी
गारगोटीहून मालन कुंभार आल्या, गिरणीवाल्या.
भुवयांत पीठ. पत्र्याकडं बघितलंही नाही.
"मिस्त्री, तुमचं चुकलं," म्हणाल्या.
"बुश बदलला, गनमेटलचा घातला, तुमी सांगितल्यावानी.
पंधरा दिवसांत परत जळला.
मग रातभर बसले पट्ट्यापाशी, कान लावून.
बुशात काय न्हवतंच.
घुशीनं पाया पोखरलाय, मोटरच्या अंगाला.
दोन सूत खचलाय."

मिस्त्रीनं लेथ बंद केला.
भर दुपारी तो बंद झालेला
मी दोन वर्षांत बघितला नव्हता.
"भिंतीकडनं का दाराकडनं?
आवाज कसा हुता? चढावर येत हुता का उतरावर?"
स्टूल पुढं केलं, चहा सांगितला,
बिलबुकाच्या मागल्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं:
घूस. पाया. दोन सूत.
चेहरा असा, की बुडीत धरलेली उधारी
कुणी आपणहून आणून दिली.

दुसऱ्या दिवशी खडूची सुतळी कापलेली होती.
शेठ चिडला. रंगराव आठवडाभर बोलला नाही.

बरोबरच केलं मिस्त्रीनं, असं मी चारचौघांत सांगतो.
सांगताना एक गोष्ट गाळतो.

सतरा वर्षांचा होतो, कागलकडचा,
चारचौघांत तोंडातनं शब्द न फुटणारा.
त्या माणसानं माझा अंगठा धरून
टूल कसं लावायचं ते दाखवलं होतं,
आणि माझा पहिला आटा नटात अल्लद फिरला
तेव्हा मला काही म्हणता येईना.
शटर अर्धं खाली आलेलं. मी वाकून परत आत गेलो
आणि पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात, गंजाजवळ,
एक रेघ मारली.
इतकी दाबून की खडू मोडला.

पत्रा पुढं मोरीवर झाकण म्हणून गेला.
मिस्त्री मोजायचा तेव्हा
ती एक तो धरायचा का,
विचारायचं राहिलं.

आता माझ्या लेथपुढं पोरं येतात,
विचारतात, मान हलवतात, जातात.
मी पत्रा लावलेला नाही.
खडू खिशात असतो.
लागतोच तो, जॉबवर खुणा करायला.