शिवण

पऱ्हाटीच्या ढिगात सुपडूची बंडी राहून गेली,
चोपड्याच्या बाजारातली, अस्सल सुती.
पोळ्याला ढीग उकरला तर
हाती आली नुसती शिवण.
टेरिलिनचा दोरा, पाच गुंड्या,
मधे कापड नाही, सुपडू नाही.

बुरशीला तोंड नसतं.
ती आपली लाळ आधी बाहेर धाडते.
एक विकर साखळी मधेच तोडतं,
दुसरं टोकापासून चालत
दोन-दोन मणी उतरवतं,
तिसरं त्या जोडीची ताटातूट करतं.
मग ती पिते. गोड.

म्हंजे अंगावर साखरच घालतो आपुन,
सुपडू म्हणाला, आणि काडी चाखून पाहिली.
थुंकला.
आपल्या जिभेनं ते कुलूप उघडत नाही.

शिवण त्यानं खुंटीला लावली.
वारा आला की
खांदे हलतात.