स्लॅबवर पाणी

एप्रिलात, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या मजल्यावर,
दोनच्या तासाला लाइट जाते
आणि मी फळ्यावर अर्ध्यात असते :
उष्णता आपणहून गरमाकडून थंडाकडे…
मागच्या बाकावरून शमशाद विचारते,
"मॅडम, सोलापुरात थंड कुठाय, जायला?"
वर्ग हसतो. मीपण हसते.
बाहेर चव्वेचाळीस.
हातातला खडूही कोमट.

संध्याकाळी नानांना सांगितलं.
आमच्यात बापाला नाना म्हणतात.
अक्कलकोट रोडच्या डायहाऊसात
एकतीस वर्षं बॉयलरवर होते ते.
पाइपवर पान्यानं टकटक करून सांगायचे
वाफ कोरडी आहे की ओली,
काट्याकडे नंतर बघायचे, मान राखायला.

मालक दर महिन्याला एकच विचारायचा :
कोळसा शंभराचा, काम साठाचं,
उरलेले चाळीस गेले कुठे?
जणू नानांनीच खिशात घातले.
नाना आधी धुराड्याकडे बोट करायचे,
मग स्वतःच्या सदऱ्याकडे,
पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले :
"हिशोब पुरा आहे सेठ.
फक्त सगळाच तुमच्या कामाचा नाही."

दोन नियम त्यात आले. परीक्षेत
मला ते दोन पानं लिहूनही इतके नीट आले नाहीत.

त्यांच्याही आधीचा, शून्यावा,
अम्माकडून शिकले, मला ताप असताना.
विड्या वळून पिवळी पडलेली बोटं
सुपातून उठायची, पदराला पुसायची,
आधी राजेशमच्या कपाळावर, मग माझ्या.
"इद्दरिकी ओकटे," म्हणायची. दोघांना सारखाच.
आम्ही एकमेकांना शिवलो नव्हतो.
एका खाटेच्या दोन टोकांना, पाठ करून,
गोट्यांवरून भांडून झोपलो होतो,
तरी सारखे ठरलो.
मधे तिसरं कुणीतरी लागतं,
आळीपाळीनं दोघांना टेकणारं.

अम्मा जाऊन सहा वर्षं झाली.
माग दोन्ही किलोवर विकले, भंगारात,
आणि त्या पैशांवरून राजेशम जे बोलला
ते बोलून भिवंडीला गेला.
मीही कमी बोलले नव्हते.

चादर उसवता येते, नाना म्हणतात.
मोराची मान, मग पंख, मग काठ,
धीर असेल तर सूत न् सूत परत कांडीवर.
पण टाकीत लाल सोडला की सोडला.
"एकतीस वर्षांत पाण्यातून रंग
वेचून घेणारा बघितला नाही मी."
असं म्हणून शेंगाचटणीवर तेल ओततात,
कडक भाकरी मोडतात,
तिचा आवाज गल्लीभर.

रात्री दहाला स्लॅब बोलायला लागतो.
दिवसभर गिळलेलं सगळं
सावकाश परत करतो, तळपायांना आधी.
नाना लुंगी खोचून बादल्या वर आणतात.
पहिलं पाणी पडताच चर्र होतं,
चुन्याचा वास उठतो,
आणि ओल बघता बघता कडेनं आत आक्रसत जाते.
"ही बघ, चालली घेऊन," नाना म्हणतात,
पाहुण्याला वाटे लावल्यासारखं.

मी त्यांना अगदी खालच्या टोकाचं सांगते :
निरपेक्ष शून्य. तिथं सगळं जवळजवळ गप्प होतं.
कितीही जवळ जा, पोचता मात्र येत नाही.
"बरंच की," ते म्हणतात, "पोचून करायचं काय?"

मग पुन्हा पाणी.
तीन अंथरुणांपुरतं मारतात, रोजच,
आणि आम्ही दोघंच आहोत.
मी विचारत नाही तिसरं कुणाचं.
त्यांनी सांगितलेलं नाही.

पहाटे कूस बदलताना हात तिकडे गेला.
ती जागा आमच्या दोन्ही जागांहून गार होती,
तिला रात्रभर कुणी ऊब दिली नव्हती.
हात मी तिथंच ठेवला
बराच वेळ,
ती माझ्याएवढी होईपर्यंत.