आठ वार

माझ्या पाटीवर लिहिलंय : ब्लाऊज, फॉल, पिको.
तरी तो आत आला, वाकून,
कारण चावडीवरचं माझं दार बुटकं
आणि तो सहा फुटांच्याही वर काहीतरी.
आधी फोंडूकडे जाऊन आला होता. फोंडू जेंट्सचा.
फोंडू पोट धरून हसला
आणि बोट करून त्याला माझं दुकान दाखवलं.

नाव फिनबार.
पाटण्याच्या किनाऱ्यावर पाच हिवाळे, तीच खोली.
फोनवर फोटो :
दाढीवाले बाप्ये, काखेत फुगवलेली वाजवायची पिशवी,
कमरेपासून गुडघ्यापर्यंत निऱ्या.
"स्कर्ट?" मी विचारलं.
तो इतका दुखावला
की मला त्याच्यासाठी सोडा मागवावा लागला.

किल्ट. आठ वार.
म्हणजे नऊवारीला एक वार कमी,
निऱ्या पुढे नाहीत, मागे,
बसताना दोन्ही हातांनी सारख्या करायच्या.
हे मला कुणी शिकवायला नको.
रंग हिरवा नको म्हणाला, हिरवा सगळेच घालतात.
मधासारखा हवा, जुन्या हळदीसारखा.
लोकरीचा असतो म्हणे.
मार्चात? काणकोणात?
मडगावहून मी सुती आणला, आणि सवयीने नऊ वार.

बाप्याच्या कमरेला टेप लावला सोळा वर्षांनी.
शेवटचं माप घरच्या माणसाचं होतं, लेंग्याचं,
तो लेंगा त्याने घातला नाही.
"छत्तीस," मी जरा मोठ्यानेच म्हटलं,
पलीकडून फोंडू बघत होता.

सतरा तारखेला त्यांच्या संताचा दिवस.
त्या संताने म्हणे सगळे साप समुद्रात हाकलले,
आता त्या देशात एकही नाही.
मी दोरा ओवत होते.
म्हटलं, आमच्याकडे वारूळ वाढतं
तिथे आम्ही देऊळ बांधतो, सातेरीचं.
घर सरकवू, वारूळ नाही.
तो खूप वेळ गप्प बसला.
मग म्हणाला, तिकडून हाकललेले इकडेच आले असतील.

निऱ्यांना इस्त्री करताना आजा आठवला.
आजाच्या कमरेला आयुष्यभर कास्टी,
उघड्या मांड्या, माडावर चढून चढून खरखरीत.
जमिनीच्या खटल्याला पणजीला जायचा,
पण शहरात शिरायचं तर पाय झाकलेले हवेत,
म्हणून वेशीपाशी एकजण विजारी भाड्याने द्यायचा.
असं आजा सांगायचा. खरंखोटं तोच जाणे.
एक आणा आत जायला,
आणि संध्याकाळी विजार परत.
दुसऱ्याच्या घामाचा वास येतो रे, म्हणायचा,
न्यायाधीशापुढे मला तोच वास येत राहिला.
खटला हरला.

फिनबारने विचारलं, किती झाले?
मी सांगितले तेवढे त्याने दिले.
घासाघीस केली असती तर कमी केले असते,
नाही, खोटं कशाला बोलू,
एक आणासुद्धा सोडला नसता.

सतराला दुपारी तो चावडीवरून चालत गेला,
मधाच्या रंगाचा, गोऱ्या पोटऱ्यांवर उन्हाचे चट्टे.
शिगम्याचे दिवस, पोरांना वाटलं सोंग आलं,
दोघं ढोल घेऊन मागे लागली.
तो थांबला नाही, पण पावलं तालात पडू लागली.
मासळीवाली पेर्पेत ओरडली,
"पात्रांव, वारं सुटलंय, सांभाळ!"
त्याने दोन्ही हात मागे नेले
आणि अगदी बाईसारख्या निऱ्या दाबल्या.
फोंडू तेव्हा हसला नाही.
शिवण कुणाची, ते तो बघत होता.

रात्री हुर्राकाची एक बाटली पाठवली त्याने,
माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवून.
मी घेत नाही. अर्धी पेर्पेतला दिली.

उरलेला एक वार मशीनच्या खणात आहे.
गिऱ्हाईक विचारतं, ह्याचा ब्लाऊज होईल का?
होईल. बाह्या आखूड घेतल्या तर.
मी म्हणते, तो कुणाचातरी आहे.
एक वार म्हणजे काही फार नाही.
कास्टीला पुरतो.