जर-तर

हडर्सफील्ड. कौन्सिल, घरदुरुस्ती विभाग, दुसरा मजला.
सात वर्षं रोज सकाळी तेच:
तक्रार उघड, पत्ता उचल, तक्त्यात टाक,
‘मिळाली, बघतो’ असं कळव.
चाळीस मिनिटं. तोवर चहा साय धरायचा.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही.
आत्याबाईला मिशा असत्या तर...
एवढंच जर-तर मला ठाऊक.
पण जेवायच्या सुट्टीत कीरनने दाखवलं:
हा चौकोन ओढ, त्याला बाण लाव, पुढे दुसरा.
पोलक्याचे हुक लावावेत, तितकंच ते.

जर ‘गळती’, तर प्लंबर.
जर ‘बुरशी’, तर मॅल्कम.
जर रविवार, तर सोमवारी.

पहिल्या दिवशी मांडीवर हात ठेवून बसले,
लग्नघरी लांबची पाहुणी बसते तशी.
कुणी काम सांगेना.
समोर बंद गिरणीचं धुराडं.
ते एवढं उंच आहे
हे सात वर्षांत पाहिलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ॲक्रॉइड आजोबांचं पत्र आलं.
नळ नाही, खिडकी नाही.
‘बाई, हल्ली तुमच्या उत्तरात
स्पेलिंगची एकही चूक नसते.
बऱ्या आहात ना?’

त्यालाही उत्तर गेलं होतं,
नऊ वाजून एक मिनिटाने:
मिळाली, बघतो.

मी नवा चौकोन ओढला.
जर ॲक्रॉइड,
तर
(इथे बोट बराच वेळ अडलं)
तू काही करू नकोस. मला हाक मार.

मग त्यांना लिहायला बसले.
दोन चुका झाल्या.
एक मुद्दाम.