रोगाची ओळ

डिसेंबरात पारा पाचावर उतरला
की निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात.
गव्हाला मात्र ही थंडी मानवते.

साडेआठला हौसाबाई सानप फार्मवर येतात.
नेसून आलेलं लुगडं शेडमधल्या खुंटीवर,
खुंटीवरचं अंगावर.
फार्मचं लुगडं फार्मवरच राहतं.
"घरी दोन एकर लोकवन हाये, बाई," पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"पदराला धरून नेऊ का तांबेऱ्याला?"

त्यांचं काम रोग लावायचं.
दवाखान्यात असते तीच सुई,
आत विटकरी, गढूळ पाणी.
ताटाच्या पोटात एक थेंब, की पुढचं ताट.
प्लॉटभोवतीची ही ओळ मुद्दाम पेरलेली:
हिनं आजारी पडायचं, लवकर पडायचं,
म्हणजे आतल्या दोनशे वाणांची परीक्षा होते.
हौसाबाई तिला नंबरानं बोलवत नाहीत.
"मावशे, टोचतंय हां जरा," म्हणतात.

फेब्रुवारीत मी वही घेऊन उतरते.
पानावरून अंगठा ओढायचा.
हळदीसारखं काहीतरी
रेषांत भरून राहतं.
चाळीस, एस.
साठ, एस.
साठ.
आणि मधेच एखादी हिरवी ओळ,
पानावर टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके:
तिथं तो येऊन बसला होता,
आणि पानानं तेवढी जागा
आपल्या हातानं मारून टाकली.
शून्य लिहिताना माझं पेन जरा दाबलंच जातं.

सत्तेचाळीस नंबर असा होता.
तीन वर्षं शून्य.
मी मनात त्याचं नावसुद्धा ठरवलं होतं.
यंदा तळच्या पानाला पाच फोड,
दहा दिवसांनी पाच वाजता मोजले, चाळीस टक्के.
निलगिरीकडच्या वाऱ्यातून नवा प्रकार आला असेल,
साहेब म्हणाले. कुलूप तेच, किल्ली दुसरी.
मी वहीत खाडाखोड करत नाही.
त्या दिवशी मात्र पान उलटायला वेळ लागला.

उगावचे दौलत ढोमसे बांधावर गाडी लावून:
"मॅडम, तांबेरा न पडणारा वाण सांगा."
मी सुरू केलं:
नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा,
युरियाचा हात आखडा, पाणी बेतानं,
रोज दोन पानं उलटी करून बघा,
ठिपका दिसला की फवारणी, आठवड्यानं नव्हे,
आणि सगळं रान एकाच वाणाचं नको.
"वाण विचारला तर तुम्ही पंचांग काढलं."
हौसाबाई कमरेवर हात ठेवून हसल्या.
"न पडणारं कोण असतं, दादा?
पडूनसुद्धा ओंबी भरली पाहिजे."

मग मी वही मागं चाळली.
एकशे बारा नंबर.
पंधरा, दहा, पंधरा, वीस.
चार वर्षांत एकदाही शून्य नाही,
एकदाही तीसच्या वर नाही.
त्याच्यापुढं मी कधी थांबलेच नव्हते.
पानांवर फोड, पण बारके, सावकाश,
आणि दाणा हातात घेतला तर टपोरा.

मळणीनंतर मावशीच्या ओळीतून निघाले
जिऱ्याएवढे, सुरकुतलेले दाणे.
ते तोलत नाहीत कुणी.
हौसाबाईंनी ओंजळभर घेऊन फुंकर मारली,
बराच वेळ हातात धरले, मग पाखरांना टाकले.

साहेबांना विचारून एकशे बाराचं किलोभर पीठ त्यांच्याकडं दिलं.
दुसऱ्या दिवशी डब्यात चार पोळ्या, मेथीची भाजी.
मी घास मोडला. पोळी मऊ होती, जरा रंगानं काळसर.
"कशी?" मी विचारलं.
हौसाबाई बराच वेळ चावत राहिल्या.
"लोकवनाची सर नाही," म्हणाल्या.
मग डबा पुसताना, माझ्याकडं न बघता:
"पायलीभर बियाणं कधी मिळंल?"