तांब्यावरचा पेला

निलंग्यात झेरॉक्सच्या दुकानामागं आमच्या दोन खोल्या,
वर पत्रे.
स्लॅब अप्पांनी घालूच दिला नाही.

रोज रात्री दिवा मालवण्याआधी
ते तांब्या पालथा घालायचे,
त्याच्या बुडावर स्टीलचा पेला, कडेला, जेमतेम तोललेला.
हललं तर पडेल. पडला तर पळायचं.
सत्तावीस वर्षं त्यांची झोप
त्या पेल्याच्या काठावर.

उसाचा ट्रक गेला तरी पडायचा.
आम्ही अंगणात, अर्धवट झोपेत,
आई पदर सावरत, धाकटी माझ्या कडेवर.
अप्पा बोटांवर मोजायचे सगळ्यांना.
मोजून झालं की एक बोट उरायचं.
ते कुणाचं, आम्ही विचारलं नाही.

मग साथ आली.
रिक्षा भोंगा लावून फिरली : घरात राहा, दारं लावा.
अप्पा उंबऱ्यावर उभे.
"हे आत बसा म्हणायलेत,
आन् जमीन म्हणायली भाईर पळ.
कुणाचं ऐकावं गं, महादेवी?"

मी शटर अर्ध्यावर ओढून
मृत्यूच्या दाखल्यांच्या प्रती काढत होते.
प्रत्येकी पाच. बँक, विमा, तहसील,
उरलेल्या दोन कशाला, कुणालाच ठाऊक नसायचं.
कागद यंत्रातून कोमट निघायचे.
ताप बघावा तसा मी त्यांना हात लावायची.

अप्पांनी बाज दारात आडवी टाकली,
उशी आत, पाय बाहेर.
पोलिसानं काठी आपटली, आत पेला खणकन पडला.
सगळे उठले.
अप्पा पडूनच म्हणाले,
"म्या आता पळत नसतो."

ते गेले त्या साथीत नाही,
भूकंपातही नाही.
पुढच्या शिमग्यात, झोपेत, त्याच बाजेवर.
सकाळी पेला होता तसाच,
तोललेला.

आता रात्री मी फोनवर बघते,
कुठल्याशा देशात इमारती खाली बसतात.
आवाज बंद ठेवते.
गावाचं नाव वाचता येत नाही,
धूळ मात्र ओळखते.
मग फोन पालथा घालते
आणि बराच वेळ त्याच्या पाठीकडं बघत राहते.

लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही.
ती अप्पांच्या मांडीवर होती तेव्हा दोन वर्षांची.
परवा तिच्या उशाशी
कंपासपेटी, पालथी,
वर खोडरबर उभा केलेला.

मी उचलला नाही.
दिवा मालवला,
आणि अंधारात
ट्रकची वाट बघत बसले.