चाक जिथे थांबेल तिथे

नगरपालिकेच्या अर्जात दोन रकाने होते,
डावीकडे लाभार्थी, उजवीकडे कर्मचारी.
ओतीलियाने आम्हा नऊही जणांची नावं
दोन्हीकडे लिहिली.
मी व्हॅनचा ड्रायव्हर. लाभार्थी झालो ते तेव्हाच, पहिल्यांदा.
खिडकीतली बाई चष्म्यावरून बघत म्हणाली,
हे असं चालत नाही.
"मीही चालत नाही," बेल्मिरा म्हणाली,
"तरी आले ना इथवर?"
शिक्का बसला.

जमीन मिळाली ती कुणालाच नको असलेली,
बंद पडलेल्या शाळेमागचा उतार,
दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या वणव्यात जळालेला.
निलगिरीचे काळे खुंट, पाटीच्या दगडाचा चुरा.
पोर्तुगालच्या या डोंगराळ कोपऱ्यात
पाऊस पडतो, आणि उतार तो उभ्याउभ्या
नदीला देऊन टाकतो, उसनं फेडावं तसा.

पहिला महिना सांगण्यासारखा नाही.
एव्हारिस्तुने बाकल्याचे साठ दाणे
एकाच खड्ड्यात पेरले.
का, विचारलं तर म्हणाला,
एकेकट्याने कशाला झोपायचं त्यांनी?
लिनूच्या बोटांना ओली माती सोसत नाही.
तो फाटकाशी उभा राहिला, तीन आठवडे,
कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची.
आम्ही एकमेकांकडे बघायचो.
मग एका रविवारी, त्याच्या सुट्टीला,
आमच्यातल्याच कुणी शहाण्याने फाटक उघडं टाकलं
आणि रानडुकरांनी कोबीचा वाफा उलथून नेला.
सोमवारी लिनूच्या कामाला नाव मिळालं.

उरला होता चर.
डोंगराच्या पोटावरून आडवा, सलग, समतल,
पाणी अडेल असा.
ओतीलियाने तीन काठ्यांची तिकटी बांधली, मधे ओळंबा,
पण वारा असा की ओळंबा
देवळातल्या घंटेसारखा झुलत राहिला.
ती चिडली. तिकटी आपटली.
आम्ही जेवणाचे डबे उघडले.
"मला वर न्या," बेल्मिरा म्हणाली.

तेवीस वर्षं तिच्या मनगटांनी
या गावाचा एकेक चढ मोजलाय,
चर्चपुढचा, दवाखान्याचा,
बेकरीच्या दारातला तो दीड बोटाचा,
जो आम्हा कुणाला कधी दिसलाच नाही.

चाकांखाली फळ्या टाकल्या.
तिने चाकांवरचे हात उचलले, मांडीवर ठेवले.
खुर्ची पुढे घरंगळली. धरली मी.
"जरा वर घ्या पुढचं."
मागे सरकली.
"एवढं नको."
मग थांबली.
नुसती उभी, ना पुढे, ना मागे.
"इथे," ती म्हणाली,
आणि एव्हारिस्तुने खुंटी ठोकली. मोठ्याने : एक!

संध्याकाळी सत्तेचाळीस झाल्या.
वारा पडल्यावर ओतीलियाने तिकटी लावून पाहिली,
दोन खुंट्यांत बोटभर फरक निघाला.
"फळी वाकडी होती तिथे,"
बेल्मिरा म्हणाली. मागेही न बघता.

आता चर आहे, आणि चराची माती
खालच्या अंगाला चोपून केलेली वाट.
पाण्याला जी पातळी लागते
तीच खुर्चीला लागते,
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.
तीनशे पावलं, कुठे चढ नाही, उतार नाही.
बाकला एकाच जागी उगवलाय, जुडीच्या जुडी.
विरळणी करायची म्हटली तर एव्हारिस्तु रडतो,
म्हणून ते काम पुढच्या आठवड्यावर,
गेले चार आठवडे.

काल पाच वाजता मी हॉर्न वाजवला.
सगळे आले. लिनूने कडी तपासली, तीनदा.
बेल्मिरा वाटेच्या पार त्या टोकाला,
पाठमोरी, चरातल्या पाण्याकडे बघत.
मी पुन्हा वाजवला.
मग आणायला निघालो, सवयीने,
दोन्ही हात पुढे, मुठी वळलेल्या,
जणू खुर्चीच्या मुठी आधीच त्यात आहेत,
आणि अर्ध्या वाटेवर थांबलो.

इंजिन बंद केलं परत येऊन.
वळेल ती, वळायचं तेव्हा.